आवाज बसलाय

टीव्हीचा आवाज बसलाय असं हॅलोकाकांनी जाहीर केलं, तेव्हा टीव्हीतला बातम्यांचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता, की हॅलोकाकूंच्या शिलाई मशीनवरची टाचण्यांची डबी थरथरत होती.

"बसलाय म्हणजे?" काकूंनी मशीन थांबवून विचारलं.

"काय म्हणालीस?"

"बसलाय म्हणजे काय, असं विचारतेय." काकूंनी आवाज एक पट्टी वर नेला.

"बसलाय म्हणजे बसलाय. ओठ हलतात, शब्द येतात, पण शब्दांत जीव नाही. कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटतं. स्पीकर गेला असणार."

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. आवाजाची हिरवी रेघ उजव्या टोकाला जाऊन टेकली होती. पडदा आणखी रुंद असता, तर काकांनी ती आणखी पुढे नेली असती.

खरी गोष्ट काकूंना दोन वर्षांपासून ठाऊक होती. टीव्ही ठणठणीत होता. उतरले होते ते काकांचे कान.

पण हे सांगायचं कसं? लोक त्यांना हॅलोकाका म्हणत ते काही उगाच नाही. चौतीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी काका त्याला ओळखून "जोडतो, वकीलसाहेब" म्हणत. काकू त्या वेळी पुढच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये होत्या. या गावचा फोन त्या गावाला जोडताना दोघांचं दिवसातून वीस-पंचवीस वेळा बोलणं होई, तेही नंबरापुरतं. दीड वर्ष त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मग पाहिलं, लग्न केलं, लेक झाली, तिचंही लग्न झालं, एक्स्चेंजला कुलूप लागलं. तरी काका येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगत, "लोक पाहून पसंत करतात, मी हिला ऐकून पसंत केली." अशा माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणायला काकूंची जीभ रेटेना.

म्हणून त्यांनी सोपा मार्ग धरला होता. काकांचे कान जसजसे उतरले, तसतसा त्या आपला आवाज चढवत गेल्या. 'भाजी कसली करू' हे आता त्या अशा बेताने विचारत, की रस्त्यापलीकडच्या माणसालाही मत देता यावं.

लेकीने फोनवर एका वाक्यात निकाल लावला. "आई, तेरा वर्षांचा टीव्ही आहे. दुरुस्तीच्या नादाला लागू नका, टाका आणि नवा घ्या."

काकूंनी निरोप पोचवला. काका दुखावले. "बिघडलं की टाकायचं, असा नियम केला तर या घरात मी तरी कशाला राहू? माझे दोन्ही गुडघे बिघडलेत. दुरुस्त होईल तो. मेकॅनिकला बोलावतो."

चौकातला मेकॅनिक काकांच्याच वयाचा होता. रेडिओच्या काळापासून तो त्याच गाळ्यात, त्याच स्टुलावर बसून दुरुस्त्या करत होता. तो आला, चष्मा कपाळावर सरकवला आणि टीव्ही पूर्ण आवाजात लावला. काकू दारात उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, सुटलो. आता हा जाणता माणूस सांगेल, की साहेब, टीव्हीला काहीही झालेलं नाही. आपल्याला बोलायलाच नको.

मेकॅनिकने कानामागे पंजा धरला. डोळे मिटले. कपाळाला आठी घातली. मग सावकाश मान हलवून म्हणाला, "बसलाय आवाज."

हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की काकूंना सगळा उलगडा झाला. चाळीस वर्षं स्पीकरला कान लावून बसलेला माणूस होता तो.

"तुम्हालाही तसंच वाटतं ना?" काकांनी विचारलं.

"काय?"

"म्हटलं, तुम्हालाही तसंच वाटतं ना?"

"वाटतं कसलं, आहेच तसं. स्पीकर थकलाय."

दोन जाणकारांचं एकमत झाल्यावर काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

स्पीकर बदलला. काकांनी ऐकून पाहिलं आणि "उन्नीस-बीस फरक आहे" म्हणाले. मेकॅनिकचंही तेच मत पडलं. मग त्याने स्वतःच्या दुकानातले दोन मोठे लाकडी खोके आणून टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभे केले आणि त्यांना वायरी जोडल्या. बटण दाबताच खिडकीच्या काचा बोलू लागल्या. खिडकीच्या कट्ट्यावर डुलकी घेणारं मांजर उठून गेलं, ते दोन दिवस परत आलं नाही.

"हं," काका समाधानाने म्हणाले, "आता जरा बरा येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरची नर्स खाली आली. बिचारी रात्रपाळी करून दिवसा झोपायची. तिच्या गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली होती.

"काकू, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "पण माझ्या पलंगाखालून कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगतंय."

काकू तिला हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, दार लोटलं आणि मन मोकळं केलं. बऱ्याच दिवसांनी साध्या आवाजात बोलायला मिळालं, म्हणून असेल, पण डोळ्यांत पाणी आलं. "कान गेलेत गं त्यांचे. पण तू बोलू नकोस. सगळा अभिमान त्या कानांत आहे. त्यांना कळलं तर ते... नको, मलाच सांगता येत नाही."

"काकू, आमच्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाचे डॉक्टर फार चांगले आहेत."

"ते येणारेत होय?"

"काहीतरी निमित्त काढा. मी नंबर लावून ठेवते," नर्स म्हणाली.

नर्सची झोपमोड होते, एवढंच काकूंनी सांगितलं, आणि त्या संध्याकाळी काका तिची माफी मागायला वर गेले. माफीला दोन मिनिटं पुरली असती, पण काका चांगले अर्ध्या तासाने उतरले आणि नंतर जेवताना गप्प गप्प होते. खोके मेकॅनिककडे परत गेले. टीव्हीचा आवाज पुन्हा बसला.

रविवारी लेक आली ती बाह्या सरसावूनच. "बाबा, झाली ना दुरुस्ती? आता चला." ती दोघांना दुकानात घेऊन गेली. दुकानात भिंतभर तीसेक टीव्ही एकाच वेळी चालू होते. कुठे गाणं, कुठे भाषण, कुठे सामना. काकूंनी पदर कानावर ओढला. काका मात्र मधोमध उभे राहिले आणि पावसात भिजणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात आवाज," ते विक्रेत्याला म्हणाले. "एक एक शब्द कळतोय." नक्की कोणत्या टीव्हीचा शब्द कळतोय, हे त्यांनी सांगितलं नाही. समोर होता तो घेतला. जुना टीव्ही सुट्या भागांसाठी मेकॅनिकच्या दुकानात गेला. त्याला निरोप देताना काकांनी त्याच्या डोक्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

नवा टीव्ही घरी आला, भिंतीवर चढला, सुरू झाला. काकांनी पाच मिनिटं ऐकलं. मग लेकीकडे, मग काकूंकडे पाहिलं.

"याचाही बसलाय," ते म्हणाले.

लेकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. लेकीने तोंड मिटलं, गाडीची वेळ झाली म्हणाली आणि जाताना दारात आईला मिठी मारून कानात पुटपुटली, "आई, किती दिवस?"

काका मात्र आता कामाला लागले होते. ऑपरेटरची सवय, त्यामुळे त्यांनी एक वही केली आणि घरातल्या बिघाडांची नोंद सुरू केली. चार दिवसांत पान भरलं. मग त्यांनी वायरमनला बोलावलं आणि त्याच्यासमोर वही धरली.

"टीव्ही मंद," त्यांनी वाचून दाखवलं. "नवा टीव्हीसुद्धा मंद. दाराची बेल मंद. फोन मंद. आता मला सांगा, एवढ्या सगळ्या वस्तू एकदम कशा बिघडतील? आमच्याकडे नियमच होता. एखादी लाइन मंद झाली तर ती लाइन तपासायची. सगळ्या लाइनी एकदम मंद झाल्या, तर लाइनी तपासत बसायचं नाही. दोष एक्स्चेंजमध्येच असतो."

काकूंच्या हातातली कात्री थांबली. माणूस खऱ्याच्या इतक्या जवळ येऊन उभा होता, की एक पाऊल टाकलं असतं तर त्यावर आपटला असता. त्यांना वाटलं, टाकावं एकदा त्याने ते पाऊल. लगेच वाटलं, नको.

वायरमनने मीटर पाहिलं, बटणं उघडली, बारीक दिव्याच्या पेचकसाने इकडेतिकडे टोचून पाहिलं. "काका, तुमच्या लाइनीत काही खोट नाही. करंट पूर्ण येतोय."

"असं कसं? ही यादी पुढे बघा. कुकर. त्याची शिटीसुद्धा मंद."

"कुकर गॅसवर आहे, काका."

काका वहीकडे बघत राहिले. "खरंच की," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते काकूंना कळेना. राग नव्हता, शरम नव्हती. उलट माणूस कुठूनतरी धापा टाकत आला आणि त्याला बसायला खुर्ची मिळाली, तसं काहीतरी दिसत होतं.

ही संधी साधून काकूंनी दुसऱ्या दिवशी निमित्त काढलं. "अहो, माझा घसा फार धरलाय. नर्सने डॉक्टरांचा नंबर लावून दिलाय. एकटीने जायला नको वाटतं, सोबत येता?" घसा धरला होता हे काही अगदी खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठी त्या कधी डॉक्टरकडे गेल्या नसत्या.

त्यांनी सहा-सात उत्तरांची तयारी करून ठेवली होती. काका 'कशाला' म्हणाले तर हे, 'उद्या बघू' म्हणाले तर ते. काका यातलं काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या अंगात शर्ट चढलेलासुद्धा होता. "चल," ते म्हणाले. काकूंना जरा चमत्कारिक वाटलं.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला शांत. तिने समोरचा कागद पाहिला, दोघांना पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

"हे," काकू म्हणाल्या.

"ही," काका म्हणाले.

दोघांची बोटं एकमेकांकडे होती.

"सिस्टरनी दोघांचीही नावं दिली आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "मला वाटलं चुकून दिली."

"डॉक्टर, मी सांगतो." काका खुर्ची पुढे ओढून बसले. काकूंकडे न बघता बोलू लागले. "दोन वर्षं झाली, हिचा आवाज उतरत चाललाय. माझा जन्म आवाजात गेला, मला कळतं. आधी शब्दाचं शेवटचं अक्षर जायचं, मग वाक्यं जायला लागली. पूर्वी हिचा आवाज कसा होता, हे तुम्हाला नाही कळायचं. दोन गावांच्या मधली पंचवीस मैलांची तार असायची, वर वारा, पाऊस, पण तो स्वच्छ यायचा. आता एकाच खोलीत बसून पोचत नाही. मी घाबरलो. घशाचं काहीतरी वाईट असणार, असं मनात आलं. ते तिला विचारायचं कसं? म्हणून सिस्टरना सांगितलं, की तिला न कळता कसंतरी इथवर आणा."

"अहो," काकू म्हणाल्या.

"थांब. मग नव्या टीव्हीचाही आवाज बसला, फोनचा बसला. मला जरा धीर आला, की बिघाड हिच्यात नाही, घरातच आहे. पण वायरमन म्हणाला, लाइन ठीक आहे. शिवाय कुकर गॅसवर. आणि ही तर कशावरच चालत नाही." काका थांबले, आणि जरा ओशाळून हसले. "तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की माझे कानच गेले असतील. खरं सांगतो डॉक्टर, बरं वाटलं. कान माझे गेले असतील, तर घसा हिचा ठीक असेल."

काकू पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. तो त्यांच्या हातातच होता.

काकांना काचेच्या छोट्या खोलीत बसवून कान तपासले. कागदावर एक रेघ आली. ती सुरुवातीला बरी होती, मग जिना उतरावा तशी खाली खाली गेली. "तुम्हाला निम्म्याहून कमी ऐकू येतंय," डॉक्टरिणीने मोठ्याने आणि सावकाश सांगितलं. "हे औषधाने बरं होणार नाही. दोन्ही कानांना यंत्रं लावावी लागतील."

काकांचा चेहरा खुलला. असा निकाल ऐकून हसणारा पेशंट डॉक्टरिणीने आधी पाहिला नसावा. "म्हणजे हिचा घसा ठीक आहे ना?"

"तो आता बघते." तिने काकूंना तोंड उघडायला लावलं, बारीक नळीची दुर्बीण घालून पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. काकांचं हसू मावळलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण आवाजाच्या पडद्यांना चांगली सूज आहे. शिक्षकांना होते अशी. तुम्ही काय करता?"

"शिवणकाम," काकू म्हणाल्या.

"शिवणकामात एवढं ओरडावं लागतं?"

काकूंनी फक्त काकांकडे पाहिलं. त्या प्रश्नातला शब्द न् शब्द काकांना ऐकू आला नसेल, पण त्या नजरेवरून सगळं समजलं.

"पंधरा दिवस आवाजाला पूर्ण विश्रांती," डॉक्टरिणीने कागदावर लिहिलं. "एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. तुमचं यंत्र नवं बसेल, काका. काकूंचं मात्र दुरुस्त होण्यासारखं आहे."

तिसऱ्या दिवशी काकांच्या दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं बसली, आणि घर बोलू लागलं. फ्रीज घुरघुरतो हे त्यांना नव्यानेच कळलं. चपला घासत चालणारा माणूस कोण, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर ते स्वतःच होते. टीव्ही लावताच ते दचकून म्हणाले, "एवढ्या मोठ्याने कोण लावतं हा?" आणि हिरवी रेघ पार डावीकडे नेली. वरची नर्स सलग सहा तास झोपली आणि उठल्यावर, खाली सगळं ठीक आहे ना, ते बघून गेली. काका स्वतः मेकॅनिकच्या दुकानात गेले. जुना टीव्ही अजून त्याने उघडलेला नव्हता. "स्पीकर ठीक आहे त्याचा," काकांनी त्याला सांगितलं. "तुम्ही दुकान बंद करा आणि माझ्याबरोबर चला. एक डॉक्टरीण आहे." जुना टीव्ही परत आला आणि नवा लेकीकडे गेला. तिचाही काही वाईट नव्हता, पण तिने तक्रार केली नाही.

घरात आता सगळ्याचा आवाज होता, फक्त एक सोडून. "दोन वर्षांनी लाइन लागली," काका कुरकुरले, "आणि पलीकडून कुणी बोलेना."

काकूंनी लिहायला कागद शोधला नाही. हाताशी कापडाचे तुकडे होते आणि खूण करायचा शिवणाचा खडू होता. 'दूध आणा' चिंधीवर मावत होतं. 'चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे' याला कॉलरचं कापड लागलं. आठव्या दिवशी काकांनी काकूंच्या कुंड्यांना नको तितकं पाणी घातलं, तेव्हा जे सांगायचं होतं त्याला अर्धा मीटर अस्तर लागलं. काकांनी ते दोन्ही हातांनी ताणून धरून शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं. काकांची बडबड मात्र वाढली होती. दोघांचं बोलणं एकट्याने करायचं म्हणजे वेळ लागतोच.

पंधराव्या दिवशी डॉक्टरिणीने दुर्बिणीतून पाहून मान हलवली. "बोला आता. पण हळू. पूर्वी बोलायचात तसं."

घरी आल्यावर काकांनी टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लोटली आणि खुर्ची काकूंच्या मशीनसमोर आणून बसले. "बोल."

"काय बोलू?" काकू म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. मऊ, खालच्या पट्टीतला. काका डोळे मिटून बसले होते.

सुरुवात व्हायला जरा वेळ लागला. एकदा झाली, आणि मग थांबेना. पंधरा दिवसांचं साठलेलं होतं, त्याच्या मागे दोन वर्षांचं होतं. लेकीचं, नर्सचं, कुंड्यांचं, घशात दुर्बीण घातली तेव्हा काय वाटलं त्याचं, आणि शेजारणीने शिवायला दिलेल्या झग्याच्या बाह्यांचं, ज्यांच्यात जगातला कुठलाच हात जाणार नव्हता. काका ऐकत होते. चहा थंड झाला. मांजर येऊन त्यांच्या पायाशी बसलं. तासभर होऊन गेला असेल, तेव्हा काकूंनी पाहिलं, की काकांचा हात हळूच उजव्या कानाकडे गेला आणि त्यांनी यंत्रावरचं बारीक बटण दाबलं.

काकू वाक्याच्या मध्येच थांबल्या. त्यांना रागही आला नाही. तासभर ऐकलं, तेही पुष्कळ झालं.

"बंद केलंत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका डोळे न उघडताच म्हणाले. "आवाज एक घर वाढवला. तू वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतेस. पहिल्यापासूनच. बाह्यांचं काय म्हणत होतीस?"